हत्तीचा पाऊस यायच्या आधी: घराची वायरिंग विजेपासून कशी वाचवायची

हस्त नक्षत्र लागून चार दिवस झाले होते, भाताची कापणी तोंडावर आली होती. संध्याकाळी डोंगराकडून आभाळ भरून आलं आणि वाडीच्या वरच्या अंगाला, आमच्या घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवरच्या एका माडावर वीज पडली. घरावर नाही, घराजवळच्या खांबावरही नाही. तरी आमचा टीव्ही, इंटरनेटचा राउटर, फ्रिजचं सर्किट आणि बोअरच्या पंपाचा स्टार्टर एका क्षणात गेले.

दुसऱ्या दिवशी परसदारी जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला, म्हणजे घरातला भरकटलेला प्रवाह जमिनीत सोडणारा पाइप जिथे पुरलेला असतो तो. वरची झाकणी काढली, पाइपला आवळलेला क्लॅम्प दोन बोटांनी धरला, आणि तो गंजाच्या पापुद्र्यांसकट हातात आला. वायर नुसती मातीला टेकलेली होती. पाइप उपसला तर जेमतेम तीन फूट निघाला. खाली जांभा लागल्यावर ठेकेदाराने तो कापून टाकला होता आणि बिल पूर्ण लांबीचं लावलं होतं. घरातल्या प्रत्येक सॉकेटला तीन भोकं होती, हिरवी वायर सगळीकडे फिरवलेली होती, आणि ती सगळी शेवटी कुठेच जात नव्हती.

तेव्हा मी या कामात नव्हतो. त्या खड्ड्यामुळे यात पडलो. आता कुडाळ-सावंतवाडीकडच्या घरांचं वायरिंग करतो. कामाला गेलो की घरमालकाचा पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो: छपरावर तडितरक्षक, म्हणजे वीज झेलून जमिनीत नेणारी सळई, बसवू का? मी म्हणतो, आधी जमिनीत काय आहे ते बघू. हा सगळा लेख त्या एका उत्तराभोवती आहे. ज्यांनी या विषयाला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी लिहितोय. यातलं मीटर, मेन स्विच आणि बोर्डातलं काम परवानाधारक वायरमननेच करायचं आहे. पण काय करून घ्यायचं आणि झालेलं काम कसं तपासायचं, हे घरमालकाला कळायलाच हवं.

वीज घरात शिरते कुठून

थेट घरावर वीज पडणं तसं विरळ. बहुतेक नुकसान दूरच्या विजेने होतं. एका विजेत साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. ती लाइनवर किंवा लाइनच्या आसपास पडली की तारेत हजारो व्होल्टची उसळी उठते आणि सर्व्हिस वायरवरून आपल्या मीटरपर्यंत येते. दुसरी वाट जमिनीतून. वीज पडते तिथली जमीन क्षणभर प्रचंड व्होल्टेजवर चढते आणि ते अर्थिंगच्या पाइपमधून, बोअरच्या केबलमधून उलटं घरात येतं. तिसरी वाट डिशच्या, केबलच्या, सीसीटीव्हीच्या तारांची. आमच्या टीव्हीचा सप्लाय शाबूत होता. जळालं होतं ते सेट-टॉप बॉक्सची तार जिथे लागते ते भोक.

टीव्ही, संगणक यांसारखी नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणं साधारण १,५०० व्होल्टपर्यंतची क्षणिक उसळी सोसतील असं प्रमाणकांमध्ये धरलेलं असतं, फ्रिज-वॉशिंग मशिनसारखी २,५०० पर्यंत. यापलीकडे गेलं की आतला सुटा भाग फुटतो.

"एमसीबी आहे की," असं लोक म्हणतात. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. तो पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि उसळी तोवर येऊन, काम करून, निघून गेलेली असते. स्टॅबिलायझर त्याहून सावकाश. आरसीसीबी, ज्याला अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तो माणसाला शॉकपासून वाचवतो. तो घरात हवाच, पण उसळी अडवणं हे त्याचं काम नाही. बाजारातल्या स्पाइक गार्डपैकी बऱ्याच पट्ट्यांत स्विच आणि फ्यूजपलीकडे काही नसतं. ज्यांत आहे त्यांनाही उसळी ढकलायला नीट अर्थ लागतो. अर्थ नसेल तर ती पट्टी म्हणजे साधा एक्स्टेन्शन बोर्ड.

पायरी १: आहे ते नीट बघून घ्या

पाऊस नसलेल्या दिवशी एक वही घेऊन सुरुवात करा. खांबावरून सर्व्हिस वायर कुठे येते, मीटर कुठे, मेन स्विच कुठे, बोर्ड कुठे, आणि मुख्य म्हणजे अर्थची वायर बोर्डातून निघून कुठे जाते, याचा कच्चा नकाशा काढा. ही शेवटची वायर डोळ्यांनी शेवटपर्यंत गाठायची. भिंतीत गेली, पुढे दिसत नाही, असं म्हणून सोडायचं नाही. नूतनीकरणात फरशी बदलताना, न्हाणीचं काम करताना ही वायर तुटलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. तुटली तर घरात काहीच बंद पडत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

मग खड्डा उघडा. क्लॅम्प, नट-बोल्ट, वायरचं टोक बघा. गंज, हिरवट बुरशीसारखा थर, ढिली पकड, यातलं काहीही असलं तर ते जोडकाम नव्यानेच करायचं.

त्यानंतर वायरमनकडून अर्थ टेस्टरने खड्ड्याच्या रोधाची, म्हणजे तिथली जमीन प्रवाहाला किती अडवते त्याची, मोजणी करून घ्या. मोजणी एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना. जुलैत सगळ्यांचं अर्थिंग चांगलंच येतं. ५ ओहमच्या खाली आकडा आला तर उत्तम. १० पर्यंत घरासाठी चालवून घेता येतं. जांभ्यात एका खड्ड्यावर हा आकडा येणं अवघड असतं. देशावरच्या काळ्या मातीत तेच काम सहज होतं, कारण ती ओल धरून ठेवते. आकडा काही केल्या खाली येत नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय राहू नका. अर्थ कमकुवत असतानाही माणसाचा जीव वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

या पायरीवर एक गोष्ट खास शोधा. काही घरांत अर्थिंगचा खर्च वाचवायला सॉकेटच्या अर्थच्या भोकातून छोटी वायर न्यूट्रलला, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या तारेला, जोडून दिलेली असते. टेस्ट लॅम्प लावला की दिवा छान पेटतो आणि मालक निश्चिंत होतो. पण ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिजची, वॉशिंग मशिनची, गीझरची पत्र्याची अंगं २३० व्होल्टवर जातील. अशी जोडणी दिसली तर त्याच दिवशी काढून टाकायला लावा. उद्यावर टाकू नका.

पायरी २: अर्थिंग

सगळे पैसे एका जागी घालायचे असतील तर इथे घाला. महावितरण आपल्याला फेज आणि न्यूट्रल देतं. घराचं अर्थिंग आपलं आपण करायचं असतं, आणि ते कसं करायचं याचं भारतीय प्रमाणक आयएस ३०४३ आहे. वायरमनशी बोलताना हा आकडा उच्चारला तरी समोरचा माणूस जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

जुन्या पद्धतीचा खड्डा म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाचा, निदान अडीच मीटर लांबीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप उभा गाडायचा आणि भोवती मीठ-कोळशाचे थर द्यायचे. स्वस्त आणि काम करणारी पद्धत आहे. तिचा दोष असा की कोकणातल्या पावसात मीठ वाहून जातं, आणि राहतं ते पाइप खातं. तीन-चार वर्षांत क्लॅम्पची ती अवस्था होते जी आमच्याकडे झाली. म्हणून मी आता तांब्याचा मुलामा दिलेली तीन मीटरची सळई आणि भोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती घालतो. एकदाच थोडा जास्त खर्च, पण वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

जांभा लागला म्हणून पाइप कापायचा नाही. बोअर मारणाऱ्याकडून चार इंची भोक पाडून घ्या, सळई उतरवा आणि भोक मातीने भरून घ्या. तेही जमत नसेल तर एका खोल खड्ड्याऐवजी दोन-तीन खड्डे घ्या आणि ते जमिनीखालून पट्टीने जोडा. दोन खड्ड्यांतलं अंतर सळईच्या लांबीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे तीन मीटरच्या सळयांना सहा मीटर. जवळ-जवळ घातलेले दोन खड्डे एकाच्याच तोडीचे निघतात.

जागा निवडताना ओल बघायची. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तो कोपरा फार चांगला. बरेच जण माडाच्या आळ्यात खड्डा घ्यायला सांगतात, कारण तिथे उन्हाळाभर पाणी जातं. ओलीच्या दृष्टीने ते खरं आहे, पण उंच माडावर वीज पडते हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्याच्या बुंध्याशी घरचं अर्थिंग घालणं म्हणजे त्या विजेला घरात यायची वाट करून देणं. माडापासून लांब राहा.

वायर बोर्डापासून खड्ड्यापर्यंत अखंड हवी, मध्ये पिळून जोडलेली नको. घरगुती कामाला तांब्याची निदान ६ चौरस मिलिमीटर धरा, जमिनीखालून जाणारा भाग जाड जीआय पट्टीचा असला तर गंजापासून जास्त टिकतो. खड्ड्याला विटांची चौकट आणि उचलता येणारी झाकणी करा. वर सिमेंट ओतून बंद केलेला खड्डा पुन्हा कुणी उघडत नाही.

आता या सगळ्यात ज्यावरून माझे वायरमन मित्रांशी सर्वांत जास्त वाद होतात ती गोष्ट. तडितरक्षकाचा अर्थ वेगळा, डिशचा वेगळा, सोलरचा वेगळा, घराचा वेगळा, आणि कुणाचा कुणाशी संबंध यायला नको, असं अनेक जण ठामपणे सांगतात. खड्डे वेगळे असायला हरकत नाही. पण ते जमिनीत एकमेकांना जोडलेले हवेत.

का ते बघा. एका खड्ड्याचा रोध १० ओहम आहे आणि त्यातून विजेचा फक्त हजार अँपिअरचा फाटा गेला, तर तो खड्डा आणि त्याला जोडलेलं सगळं १०,००० व्होल्टवर चढतं. शेजारचा खड्डा खालीच राहतो. आता टीव्हीची एक तार या खड्ड्याशी आणि दुसरी त्या खड्ड्याशी जोडलेली असेल, तर ते दहा हजार व्होल्ट टीव्हीच्या पोटात भेटतात.

भरतीला होडी चढते तेव्हा होडीतलं जाळं, टोपली, माणूस सगळं सोबत चढतं आणि कुणाला काही होत नाही. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा होडीतली एखादी वस्तू धक्क्याला दोरीने बांधलेली असते. घरातलं सगळं विजेच्या वेळी एकत्र चढायला आणि एकत्र उतरायला हवं. वेगळं, तुटक अर्थिंग म्हणजे धक्क्याला बांधलेली ती दोरी. पाण्याचे लोखंडी पाइप, पत्र्याच्या छपराचा सांगाडा, गॅसचा धातूचा पाइप असला तर तोही, हे सगळं एकाच अर्थ पट्टीला, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात तिला, जोडून घ्या.

पायरी ३: मेन बोर्डात एसपीडी

एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, दिसायला एमसीबीसारखा असतो. आत झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती भिंतीसारखी गप्प बसते आणि उसळी आली की क्षणात दार उघडून ती अर्थकडे वळवते. उसळी ओसरली की पुन्हा बंद.

दुकानात गेल्यावर नुसतं "एसपीडी द्या" म्हणू नका. साध्या सिंगल फेज घरासाठी हे मागा: टाइप २, सलग सोसायचं व्होल्टेज, म्हणजे यूसी, २७५ किंवा ३२०, नाममात्र क्षमता २० किलोअँपिअर, कमाल ४०, आणि संरक्षण पातळी, म्हणजे यूपी, दीड किलोव्होल्ट किंवा त्याखाली. रचना "१+१" म्हणून मिळते ती हवी. त्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये चकती असते आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायूची नळी. आपल्याकडे घराचा अर्थ स्वतंत्र असल्यामुळे हीच रचना योग्य पडते. थ्री-फेज असेल तर "३+१". छपरावर तडितरक्षक असेल, किंवा पुढेमागे बसवणार असाल, तर टाइप १+२ घ्या. त्याच्यावर प्रत्येक पोलला साडेबारा किलोअँपिअरचा आयइम्प, म्हणजे थेट विजेचा प्रवाह सोसायची क्षमता, लिहिलेला असतो, आणि त्याच्या अर्थला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते.

बसवायचा मेन स्विचनंतर लगेच, आरसीसीबीच्या आधी. त्याच्यामागे किती अँपिअरचा एमसीबी किंवा फ्यूज हवा ते कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक वायरमनला तुमच्यासमोर वाचायला लावा.

आता वायरच्या लांबीबद्दल. एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चांगल्या प्रतीचा एसपीडी, बोर्ड स्वच्छ, रंगांप्रमाणे वायरी. एसपीडीची अर्थ वायर मात्र बोर्डात तीन वेटोळी घालून, टाय लावून, सुबक बसवली होती आणि मग आठेक मीटर भिंतीवरून खड्ड्याकडे नेली होती. उपकरणांच्या अर्थ वायरी दुसऱ्याच ठिकाणाहून निघाल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, काय नेटकं काम आहे. पण विजेची उसळी इतक्या वेगाने चढते की सरळ वायरसुद्धा तिला अडवते. दहा किलोअँपिअरच्या उसळीला दर मीटर वायरवर साधारण हजारेक व्होल्ट उभे राहतात, वेटोळ्यांत त्याहून जास्त. म्हणजे एसपीडीने आपलं काम चोख करून दीड हजारावर आणलेलं व्होल्टेज त्या वायरीने पुन्हा दहा हजारांच्या घरात नेलं.

उपाय सोपा आहे. बोर्डातच तांब्याची अर्थ पट्टी बसवायची. फेजकडून एसपीडी आणि एसपीडीकडून अर्थ पट्टी, या दोन्ही वायरींची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची, म्हणजे वीतभर-वीतभर. आणि घरातल्या सगळ्या सॉकेटच्या हिरव्या वायरी त्याच पट्टीवरून निघायच्या. मग पट्टीपासून खड्डा लांब असला तरी घरातली उपकरणं त्या पट्टीबरोबर चढतात-उतरतात. होडीची गोष्ट तीच. वायर आखूड, सरळ, वळण लागलंच तर गोलसर. सुबक काटकोन इथे नको.

एसपीडीला छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे आतली चकती मेली, कार्ट्रिज बदला. लाल झाली तरी घरातले दिवे चालूच राहतात, त्यामुळे बोर्डाचं झाकण उघडून बघायची सवय लावून घ्यावी लागते. बोर्डापासून दहा मीटरहून लांब महागडा टीव्ही किंवा संगणक असेल तर तिथे टाइप ३ चा छोटा एसपीडी सॉकेटपाशी लावा. मुख्य एसपीडीशिवाय एकट्या टाइप ३ वर विसंबू नका.

पायरी ४: न्यूट्रल तुटला तर

आभाळ निरभ्र असताना वाडीतल्या सात-आठ घरांचे टीव्ही-पंखे एकाच वेळी जळाले, असं ऐकलं असेल. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या माळेत येतात. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज २३० वरून चारशेपर्यंत चढतं. दिवे आधी लख्ख होतात, मग फुटतात.

इथे एसपीडी उपयोगाचा नाही. तो मायक्रोसेकंदांच्या उसळीसाठी आहे आणि हे संकट मिनिटंच्या मिनिटं चालतं. अशा वेळी बिचारी चकती स्वतःच तापून जळते. यासाठी वेगळी वस्तू मिळते: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की ती पूर्ण घराचा सप्लाय तोडते आणि स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने परत जोडते. वरची हद्द २७० च्या आसपास ठेवा, खालची १७०-१८०. परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर ठेवला तर फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही सुरक्षित. क्रम लक्षात ठेवा: मेन स्विच, एसपीडी, मग हा प्रोटेक्टर, मग आरसीसीबी.

दिवे अचानक प्रखर झाले किंवा एकीकडे प्रखर, एकीकडे मंद दिसले तर क्षणाचाही विचार न करता मेन स्विच पाडा आणि मग १९१२ ला, म्हणजे महावितरणच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावा.

पायरी ५: बाकीच्या तारा

डिशच्या अँगलला अर्थ द्या आणि तो घराच्या मुख्य अर्थला जोडा. केबल टीव्हीची जुनी जाड तार झाडांवरून येत असेल आणि वापरात नसेल तर कापून काढून टाका. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण खांबावरून घराकडे ओढलेल्या बऱ्याच फायबर केबलींत ताणासाठी पोलादी तार असते. ती भिंतीपाशीच संपवायची, राउटरपर्यंत घरात न्यायची नाही. जोडणी करायला आलेल्या मुलाला हे सांगा, तो दोन मिनिटांत करून देतो. दोन इमारतींमध्ये, समजा घरातून मांगरात, इंटरनेट न्यायचं असेल तर लॅनची तांब्याची तार ओढू नका. फायबर किंवा वायफाय वापरा.

बोअरचा पंप हा विजेचा लाडका रस्ता. पंप दीडशे-दोनशे फूट खाली पाण्यात बसलेला, म्हणजे तुमच्या कुठल्याही खड्ड्यापेक्षा चांगला अर्थ. त्याच्या स्टार्टरच्या पेटीत वेगळा एसपीडी लावा, आणि केसिंग पाइप लोखंडी असेल तर तो मुख्य अर्थला जोडा.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून गावागावांत छपरावर पॅनेल दिसायला लागले आहेत. तिथे डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत, डीसीचाच एसपीडी हवा. एसीचा तिथे लावला तर तो बंद होताना ठिणगी धरून पेटू शकतो. इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना एसपीडी आहेत का हे काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी डबे उघडून बघा. पॅनेलकडून येणाऱ्या दोन वायरी एकमेकींना चिकटून आणलेल्या असाव्यात. त्यांच्यामध्ये मोठा वेढा सुटला की जवळ पडलेल्या विजेचं क्षेत्र त्यातच सापडतं.

छपरावर सळई कुणाला हवी

घर टेकडीच्या माथ्यावर एकटं असेल, आजूबाजूपेक्षा ठळकपणे उंच असेल, किंवा मोकळ्या माळावर असेल, तर हो. खोलगट वाडीत, आजूबाजूला उंच झाडं आणि इमारती असलेल्या कौलारू घराला वरच्या पाच पायऱ्या आधी करा.

बसवायचंच असेल तर आयएस/आयईसी ६२३०५ प्रमाणे करा. सळई, तिथून खाली येणाऱ्या निदान दोन पट्ट्या, त्या बाहेरच्या भिंतीवरून सरळ, तीव्र वळण न घेता, आणि शेवटी तोच जोडलेला अर्थ. "एकच यंत्र लावा, शंभर मीटरपर्यंत वीज पडणार नाही" असं सांगून महागडी टोपी विकणारे भेटतात. या प्रमाणकात तसल्या वाढीव त्रिज्येला मान्यता नाही. साधी सळईच घ्या. आणि छपरावर सळई बसली की बोर्डात टाइप १+२ एसपीडी आलाच, त्याशिवाय सळई अर्धवट राहते.

आभाळ भरून आल्यावर

एवढं सगळं केलं तरी जवळच पडलेल्या विजेपासून शंभर टक्के वाचवणारी गोष्ट एकच: सॉकेटमधून काढलेला प्लग. नुसता स्विच बंद करून भागत नाही. बोर्डाचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि स्विचमधली फट तर काही मिलिमीटरची. इन्व्हर्टरवाल्या घरांत मेन बंद केल्यावर घर सुटं झालं असं वाटतं, पण मेन सिंगल पोल असेल तर न्यूट्रल बाहेरच्या लाइनला जोडलेलाच असतो. म्हणून मेन स्विच डबल पोल घ्या.

प्लग वेळेवर काढायचे. वीज डोक्यावर आल्यावर हातात वायर धरायची नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे. ते तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. फोनमध्ये घालून ठेवा. नेटवर्क नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तोवर टीव्ही, डिश, राउटर, सोलरचा एसी स्विच, पंपाचा मेन हे सगळं सोडवून झालेलं हवं. त्यानंतर नळाखाली अंघोळ नको, वायरच्या फोनवर बोलणं नको, लोखंडी ग्रिलला टेकून पाऊस बघणं नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

घरात बसून चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही, तो वीज ओढत नाही. अंगणात कोयता-पहार फेकायला मात्र कुणी बाहेर जाऊ नका. लोखंडाच्या त्या तुकड्याने काही होत नाही, बाहेर गेलेला माणूस मात्र उघड्यावर सापडतो. आणि पायाळू माणसावर वीज पडते म्हणून आमच्या लहानपणी एका मुलीला वळवाच्या पावसात घराच्या आतल्या खोलीत एकटं बसवत असत. वीज उंची, आकार आणि मोकळी जागा बघते. जन्म कसा झाला हे तिला कळत नाही. पावसात घाबरलेलं पोर सगळ्यांच्या मध्ये बसू द्या.

दुसऱ्या दिवशी

प्लग लगेच लावू नका. आधी बोर्ड उघडून जळका वास येतोय का बघा, एसपीडीची खिडकी बघा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. बटण दाबून तो पडला नाही तर तो गेला आहे आणि नवा बसेपर्यंत गीझर व वॉशिंग मशिन वापरू नका. मग एकेक उपकरण लावा. काही जळालं असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा. घराचा विमा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वीज पडून होणारं नुकसान धरलेलं आहे, फक्त विद्युत उपकरणांसाठी काय अटी आहेत ते आपल्या कागदावर वाचून घ्या.

आणि खड्ड्याची झाकणी उचला. क्लॅम्प धरून हलवून बघा. मी दरवर्षी मिरगाच्या आधी एकदा आणि हस्त लागायच्या आधी एकदा असं दोनदा करतो, पाना सोबत घेऊन, नट अर्धा फेरा आवळून, वर ग्रीस लावून. झाकणीच्या आतल्या बाजूला खडूने तारीख आणि टेस्टरचा आकडा लिहून ठेवतो. आमच्या खड्ड्यावर गेल्या मे महिन्यातला आकडा ६ ओहमचा आहे. दुसरी सळई या दिवाळीनंतर, जमिनीत अजून ओल आहे तोवर उतरवणार आहे.